पुराच्या आधी करण्यासारखा आरोग्याचा ऑनलाइन कोर्स कोणी केलाय का?

उपकेंद्रवाला_शिरोळ | २६ एप्रिल, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात आरोग्यसेवक आहे. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट पाणी झालं की आमच्याकडं जनावरं हलायला लागतात आणि ४३ झालं की माणसं, एवढ्यावरून ज्याला कळायचं त्याला कळेल.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला. आपत्तीतलं सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरणीय आरोग्य अशा काहीतरी लांबलचक नावाचा ऑनलाइन कोर्स सगळ्यांनी महिनाअखेरीपर्यंत करायचा आणि प्रमाणपत्राचा फोटो टाकायचा. टाकला. सहा भाग, सगळे इंग्रजीत, शेवटी परीक्षा, ८० टक्क्यांना पास. तीन संध्याकाळी जेवणं झाल्यावर मोबाइलवर बसून केला. आमच्यातल्या एकानं स्वतःचा आणि आणखी चौघांचा मिळून दोन तासांत उरकला, तो भाग सोडा.

कोर्स वाईट होता असं म्हणणार नाही. दोन गोष्टी मला खरोखर नव्या होत्या. पुरात मेलेल्या माणसांमुळं साथ पसरते अशी आपली सगळ्यांची खात्री असते, तसं सहसा होत नाही. साथ पसरवतं ते जिवंत माणसांचं मैलापाणी. म्हणून घाईघाईनं, ओळख न पटवता प्रेतं उरकायची नसतात. दुसरं म्हणजे छावणीसाठी ठरलेले आकडे असतात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागं एक संडास आणि पुढं २० माणसांमागं एक, माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा. हे 'स्फिअर'चे, म्हणजे आपत्तीतल्या मदतकामाच्या आंतरराष्ट्रीय निकषांचे आकडे. मला २०१९ साली हे कुणी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते सांगतो.

ऑगस्ट २०१९. माझी नोकरी लागून तीन वर्षं झालेली. गाव उठवून वरच्या गावातल्या शाळेत आणलं. ६४० माणसं, शाळेचे संडास सहा, त्यातल्या दोनांना दारं नाहीत, म्हणजे चारच. आज हिशोब केला, ५० ला एक धरला तरी १३ लागत होते. आणि पाणी? ६४० गुणिले १५ म्हणजे ९,६०० लिटर, म्हणजे दहा हजारांचा एक टँकर रोज. आम्हाला यायचा एक दिवसाआड. मी त्या वेळी फोनवर काय सांगत होतो? "साहेब, पाणी कमी पडतंय." पलीकडून उत्तर, "सगळीकडंच कमी पडतंय." कोल्हापूर शहराचे उपसा पंप पाण्याखाली होते, शहरालाच प्यायला पाणी नव्हतं, त्यामुळं ते उत्तरही खोटं नव्हतं. पण "रोज ९,६०० लागतात, निम्मेच येतात" असं लेखी दिलं असतं, तर निदान कागदावर काहीतरी राहिलं असतं.

आता जे त्या कोर्समध्ये नव्हतं ते सांगतो. पहिला टँकर आला तेव्हा टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकायची माझ्यावर आली. पोतं मागच्या वर्षीचं, तोंड उघडं, खडे झालेले. किती टाकायची? टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "टाका की दोन मुठी, आम्ही सगळीकडं तेवढीच टाकतोय." टाकली. तासाभरानं बायका घागरी ओतून द्यायला लागल्या. पाण्याला असा वास की पोरांना ओकाऱ्या व्हायला लागल्या. आणि लोकांनी काय केलं, तर शाळेमागचा हातपंप मारायला सुरुवात केली. त्याच्या ओट्याला आदल्या दिवशीच पाणी लागून गेलं होतं. चौथ्या दिवशी जुलाबाचे २३ पेशंट. ते माझ्या दोन मुठींचे पेशंट आहेत असं मी आजही मानतो.

कोर्समध्ये 'पाण्याचं निर्जंतुकीकरण करा' असं एका स्लाइडवर आहे. शेजारी निळा थेंब काढलाय. बस. परीक्षेत प्रश्न आला, आपत्ती व्यवस्थापनाच्या चक्राचे टप्पे किती. बरोबर आलं माझं.

तर विचारायचं असं, की पुराच्या आधी करण्यासारखा, मराठीत किंवा निदान हिंदीत, हातानं काम शिकवणारा ऑनलाइन कोर्स कुणी केलाय का? मला वीस मेच्या सुमारास माझ्या आशाताई आणि तीन ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक (गावच्या पाण्यात टीसीएल टाकणारे) मिळून १४ जणांना तासभर काहीतरी शिकवायचंय. प्रमाणपत्र दाखवून त्यांना काय शिकवू?

---

आशा_पलूस | २७ एप्रिल, सकाळी ६.४०

दादा, तुम्ही निदान एकदा बसून बघितला. आमच्याकडं गटप्रवर्तक ताईंनी लिंक टाकली तेव्हा माझा डेटा संपलेला, मुलाच्या फोनवर केला. मध्येच त्याच्या मित्राचा फोन आला आणि पहिल्यापासून परत सुरू झाला.

त्या कोर्समध्ये गरोदर बाई एकदाच आली, 'असुरक्षित घटक' म्हणून, म्हातारी माणसं आणि अपंगांच्या सोबत एका ओळीत. आमचा सगळा पूर तिच्याभोवतीच असतो. २०१९ ला ब्रह्मनाळची बोट उलटली, त्यानंतर आमच्या बाजूच्या बायका बोटीत पाय ठेवायला तयार नव्हत्या. माझ्या यादीत नववा महिना भरलेल्या दोघी होत्या. एकीला समजावता समजावता रात्र झाली. तेव्हापासून मी एक करते. जूनच्या पहिल्या आठवड्यात जुलै-ऑगस्टमध्ये तारीख असलेल्या सगळ्या बायकांची वेगळी यादी काढते आणि घरी जाऊन विचारते, पाणी आलं तर माहेर कुठलं, नणंद कुठं दिली आहे, वरच्या गावात कोण आहे. पाणी पुलाला लागायच्या आधी त्या तिथं गेलेल्या असतात. टीबीच्या गोळ्या चालू असलेले, इन्सुलिनवाले आणि डायलिसिसवाले यांचीपण यादी त्याच वहीत मागच्या बाजूनं. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात.

आणि संडासाचं तुम्ही लिहिलंत ते बायका-पुरुष वेगळं करून लिहा. छावणीत बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, कारण अंधारात जायचं कुठं. मग लघवीची जळजळ सुरू होते, आणि रजिस्टरमध्ये ती कुठंच येत नाही. शिकवताना हे तुम्ही सांगू नका, तुमच्यातल्या एखाद्या ताईला सांगू द्या. तुम्ही सांगितलंत तर सगळ्या खाली बघत बसतील.

---

मिरजकर_७७ | २७ एप्रिल, सकाळी ९.०५

कोर्सबिर्स काही नको. यूट्यूबवर सगळं आहे. फॉगिंग मशीन मागवून घ्या आणि पाणी ओसरलं की दोन वेळा फिरवा. आमच्या वॉर्डात तेच केलं, लोक खूश.

---

काळी_वाटी | २७ एप्रिल, दुपारी ३.३०

मिरजकर, लोक खूश होतात हे खरं आहे. धूर दिसतो ना. पण पुराच्या लोंढ्यात डासांच्या अळ्या वाहून गेलेल्या असतात. डास वाढतात ते नंतर दोन-तीन आठवड्यांनी, साचलेल्या डबक्यात, टायरात, टाकून दिलेल्या भांड्यात. धुरानं अळी मरत नाही. त्या वेळी लोक घरोघर फिरवून भांडी पालथी करायला लावली तर उपयोग. असो, प्रश्न पाण्याचा आहे.

शिरोळच्या मुला, (वयानं तू माझ्या मुलासारखाच असशील म्हणून अरे-तुरे,) मी आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो, नोकरी सगळी कोकणात. तुझ्या दोन मुठी वाचून वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं, कारण माझ्या पहिल्या वर्षी मी एका विहिरीत घमेलंभर टाकली होती. मासे वर आले.

आधी तुझं गणित करू. दहा हजार लिटर टँकर, स्वच्छ पाणी आणि ताजी, ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम हा ढोबळ हिशोब, म्हणजे २५ ग्रॅम. दोन मुठी म्हणजे दीडशे तरी असणार. पोतं जुनं होतं म्हणून थोडक्यात निभावलं म्हणायचं. टीसीएल उघडी राहिली, ऊन-दमट लागलं की तिचा जोर उतरतो. २० टक्क्यांच्या आत आली की ती टाकणं न टाकणं सारखंच. म्हणून पोत्यातला नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आत्ता, मे उजाडायच्या आत पाठव. जुलैत पाठवलास तर निकाल गणपतीत येईल.

आता विहीर. तुमच्याकडं नळपाणी योजना असेल, पण पुरात जॅकवेलची (नदीकाठच्या उपसा विहिरीची) मोटर काढून ठेवतात आणि पुढं दहा-पंधरा दिवस गाव विहिरी-हातपंपावर येतं, बरोबर? गोल विहिरीचं पाणी मोजायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ नं गुणायचं. लिटर येतात. चार मीटर व्यास, पाच मीटर पाणी: १६ गुणिले ५ गुणिले ७८५ म्हणजे ६२,८०० लिटर. अडीच ग्रॅमच्या हिशोबानं १५७ ग्रॅम टीसीएल. हे झालं वर्षभरातल्या साध्या दिवसांचं. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत ह्या १५७ ग्रॅमला काही अर्थ नाही, कारण आत गाळ, शेण, कुजका पाला असतो आणि टाकलेला क्लोरीन तेच खाऊन टाकतात. जंतूंसाठी काही उरत नाही.

किती उरेल हे बघायला हॉरॉक्सची पेटी असते. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात नक्की असेल, कुणी उघडली नसेल एवढंच. सहा पांढऱ्या वाट्या, एक काळी, दोन ग्रॅमचे चमचे, ढवळायच्या काचकांड्या, पिपेट आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण. काळ्या वाटीत एक सपाट चमचा टीसीएल घ्यायची, थोड्या पाण्यात मळून आतल्या खुणेपर्यंत पाणी घालून ढवळायची आणि निवळू द्यायची. पांढऱ्या वाट्यांत ज्या विहिरीचं पाणी तपासायचं ते भरायचं. मग काळ्या वाटीतली वरची निवळी पिपेटनं पहिल्या वाटीत एक थेंब, दुसरीत दोन, असं सहापर्यंत. प्रत्येक वाटी वेगळ्या कांडीनं ढवळायची, अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास सगळ्यांना जड जातो. मग प्रत्येकीत तीन थेंब स्टार्च-आयोडाइड. पहिल्यांदा ज्या वाटीत स्पष्ट निळा रंग दिसेल तिचा नंबर गुणिले दोन, एवढे ग्रॅम टीसीएल ४५५ लिटरला. समजा तिसरी वाटी निळी झाली, तर ६ ग्रॅम. तुझ्या ६२,८०० लिटरला होतात ८२८ ग्रॅम. कुठं १५७ आणि कुठं ८२८! मुठीनं हा फरक कधीच कळणार नाही.

टाकताना भुकटी थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीनं पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, आडवी हिसडायची. रात्री टाकलीस तर सकाळपर्यंत कुणी उपसणार नाही. सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची नळीतली तपासणी. पिवळा रंग बघायचा तो द्रावण टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत, नंतर नाही. उशिरा आलेला पिवळा म्हणजे मोकळा क्लोरीन नव्हे. हे मी किमान शंभर जणांना सांगितलं असेल, तरी लोक नळी खिशात घालून ऑफिसात घेऊन येतात आणि मग बघतात.

आणि गाळ भरलेली विहीर आधी उपसायची असेल तर एक लक्षात ठेव. डिझेल इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, धूर आत कोंडतो आणि उतरलेला माणूस वर येत नाही. हे कुठल्याही कोर्समध्ये नसलं तरी तुझ्या १४ जणांना सांग.

आता ऑनलाइनचं. तू म्हणतोस तसा, हातानं शिकवणारा मराठी कोर्स माझ्या बघण्यात नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे ऑनलाइन कोर्स आहेत, पुण्याच्या यशदात आपत्ती व्यवस्थापनाचं केंद्र आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे फुकट कोर्स आहेत. ते कर, शब्द आणि आकडे मिळतात. तुला १५ लिटरचा आकडा मिळाला ना, तो फुकट नाही गेला. पण हातासाठी मी एकच गोष्ट सुचवीन. जागतिक आरोग्य संघटना आणि इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातलं वेडेक, यांनी मिळून आणीबाणीतल्या पाणी-स्वच्छतेवर चार-चार पानांच्या टिपा काढल्यात. पहिलीच टीप विहीर साफ करण्यावर. चित्रं आहेत. इंग्रजी आहे, पण चित्रांना इंग्रजी लागत नाही. छापून घे आणि भिंतीला लाव.

एक ऑनलाइन शिकवणी मी स्वतः घेतलेली आहे. जुलै २०२१, चिपळूण बुडालं तो पूर. निवृत्त होऊन घरी होतो. माझ्या हाताखाली काम केलेली एक आरोग्यसेविका त्या तालुक्यात होती, तिचा व्हिडिओ कॉल. पेटी पुढ्यात आहे, सर, वाट्या मांडल्यात, पुढं काय? लाईट नाही, मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेला. एका हातात फोन, एका हातात पिपेट. अर्धा तास थांबलो दोघं, फोन बंद करून. परत फोन लावला तेव्हा मला पडद्यावर सगळ्या वाट्या राखाडी दिसत होत्या. निळं काहीच कळेना. तिला म्हटलं, बाहेर उजेडात ने, खाली पांढरा कागद ठेव, आणि मला दाखवू नकोस, तू बघ. ती म्हणाली, "सर, तिसरी. नाही, चौथी, तिसरी नुसती मळकी आहे." चौथी धरली.

---

एमओ_दापोलीकडचा | २७ एप्रिल, रात्री १०.४५

काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतोय. आमच्या पेटीत आयोडाइडची बाटली कोरडी पडली असणार, उद्या बघतो.

माझी भर लेप्टोबद्दल, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाबद्दल. कोर्समध्ये 'गमबूट घाला' असं लिहितात. लावणीच्या चिखलात गमबूट घालून चार पावलं चालून दाखवावीत लिहिणाऱ्यानं. बूट चिखलात राहतो, पाय बाहेर येतो. त्यामुळं आम्ही सांगतो ते एवढंच: पायाला जखम, भेग असेल तर पुराच्या पाण्यात आणि चिखलात उतरण्याआधी ती झाकायची, घरी आल्यावर साबणानं पाय धुवायचे, आणि पाण्यात वावरल्यानंतर महिनाभरात ताप आला तर "मी पुराच्या पाण्यात होतो" हे वाक्य डॉक्टरला सांगायचं. बहुतेक लोक ते सांगत नाहीत, डेंग्यूची तपासणी होते आणि चार दिवस जातात. रक्ताची आयजीएम तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय असेल तर आम्ही रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतो.

डॉक्सीसायक्लिन प्रतिबंधासाठी देतात, मोठ्या माणसाला २०० मिलिग्रॅम, पण ते वरून आदेश आल्यावर, यादी करून, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीत. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ती गोळी नाही. हे लिहितोय कारण पुरात एका गावात स्वयंसेवकांनी चॉकलेटासारख्या वाटलेल्या मी पाहिल्यात.

आणि एक कबुली. ऑनलाइन प्रशिक्षणावर आपण सगळे हसतो, पण आयएचआयपीचं (सरकारच्या ऑनलाइन रोगनोंदणीचं) एस फॉर्म, म्हणजे लक्षणांवरून पेशंटची नोंद, भरणं माझ्या सगळ्या सेविका मोबाइलवरच शिकल्या आणि नीट शिकल्या. कारण शिकलेली गोष्ट त्याच मोबाइलवर करायची होती. छावणीत रोज संध्याकाळी ताप किती, जुलाब किती, कालपेक्षा जास्त की कमी, एवढं वहीत टिपून त्यात भरलं, तर साथ तिसऱ्या दिवशी दिसते. उपकेंद्रवाले, तुमचे २३ कुणी मोजले होते? तुम्हीच ना? मग तुम्ही तेवढेही निष्काळजी नव्हता.

---

उपकेंद्रवाला_शिरोळ | २२ मे, रात्री ९.५०

उशीर झाला, माफ करा. मध्ये लसीकरणाचे दिवस होते आणि पाण्याचं स्वच्छता सर्वेक्षण एप्रिलमध्ये संपायचं ते नेहमीसारखं मेपर्यंत लांबलं. तीनपैकी दोन ग्रामपंचायतींना हिरवं कार्ड, एकीला पिवळं. पिवळं मिळालेले सरपंच माझ्याशी बोलत नाहीत सध्या.

काका, पेटी सापडली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, २०११ च्या पल्स पोलिओच्या पोस्टरांखाली. काळी वाटी पेटीत नव्हती. दोन दिवस शोधली, मग लक्षात आलं की शिपाईमामा फोटोसमोर ज्याच्यात उदबत्ती लावतात तीच ती. राख काढून घासून घेतली. मामा म्हणाले, "एवढी वर्षं देवाचं काम केलं तिनं." पांढऱ्या वाट्या पाचच निघाल्या. स्टार्च-आयोडाइड जिल्ह्यावरून मागवलं. टीसीएलचा नमुना पाठवला होता तो २० टक्क्यांच्या आत आला, तुमचं बरोबर निघालं. नवीन पोतं ग्रामपंचायतीनं घेतलं, आता ते झाकणाच्या ड्रममध्ये अंधाऱ्या खोलीत आहे आणि ड्रमवर उघडल्याची तारीख खडूनं लिहिली आहे.

वीस तारखेला शिकवणी झाली. १४ पैकी १२ आले. त्या कोर्सचे सहा भाग न दाखवता फक्त प्रेतं आणि साथ यांच्यावरचा सहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवला, मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत. त्यावर एका जलसुरक्षकानं विचारलं, "मग जनावरं?" २०१९ ला मेलेल्या म्हशींचा वास आमच्या सगळ्यांच्या नाकात अजून आहे. म्हटलं, ती पाण्याच्या जागेपासून लांब, खोल खड्ड्यात, चुना टाकून, आणि जेसीबी कुणाचा ते आजच ठरवून ठेवू. नाव आणि नंबर फळ्यावर लिहिला.

मग सगळे विहिरीवर. दोरीला मीटरमीटरवर गाठी मारून नेली होती. व्यास सहा मीटर, पाणी दोन मीटर. ३६ गुणिले २ गुणिले ७८५, आमच्या एका ताईनं मोबाइल न काढता तोंडी सांगितलं, ५६,५२०. बारावी गणित आहे तिचं, मला आत्ता कळलं. वाट्या मांडल्या. अर्धा तास काढायचा होता, त्यात चहा झाला, भडंग झालं. दुसरी वाटी निळी झाली. बारा माणसं डोकी एकावर एक करून वाटीत बघत होती. म्हणजे ४५५ लिटरला ४ ग्रॅम, जवळपास ५०० ग्रॅम टीसीएल. साध्या हिशोबानं १४१ येत होती. मे महिन्यात, पूर नसताना, हा फरक! जलसुरक्षक हळूच म्हणाला, "सर, मी दर आठवड्याला एक पेला टाकत होतो." मी त्याला माझ्या दोन मुठींची गोष्ट सांगितली.

पण खरा प्रश्न पलूसच्या ताईंसारख्याच आमच्या एका ताईंनी काढला. त्या म्हणाल्या, "दादा, २०१९ ला ही विहीर पंधरा फूट पाण्याखाली होती. कुठं आहे ते पण दिसत नव्हतं. तेव्हा वाट्या कुठं मांडायच्या?" मला उत्तर सुचेना. मग तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसून छावणीचा हिशोब केला. ६४० माणसं, नुसतं पिण्यासाठी माणशी ३ लिटर, म्हणजे १,९२० लिटर. २० लिटरची एक क्लोरीनची गोळी धरली तर रोज ९६. दहा दिवसांच्या ९६०. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून, निवळल्यावर कापडानं गाळायचं, तरी गढूळ राहिलं तर दोन गोळ्या, म्हणून जास्तीच्या धरून १,५०० गोळ्या पत्रानं मागायच्या ठरल्या. घरटी हातात द्यायच्या नाहीत, छावणीत पाण्याच्या पिंपाशी दोन ताई बसतील, त्या टाकतील आणि अर्धा तास राखण करतील. पिंपाशी राखण हे ताईंचंच डोकं.

संडासांचं पत्र वेगळं दिलं. ५० ला एक प्रमाणे १३, त्यातले दहा बायकांसाठी, दार आणि आतून कडी असलेले, वाटेवर दिवा. पाण्याचं पत्र वेगळं, रोज ९,६०० लिटर. तिन्ही पत्रांवर आवक नंबर घेऊन आलो. साहेबांनी विचारलं, हे आकडे कुठून आणले? म्हटलं, तुम्हीच करायला लावलेल्या कोर्समधून. ते बघतच राहिले.

डॉक्टर, लेप्टोचं तुमचं 'मी पुराच्या पाण्यात होतो' हे वाक्य ताईंनी पाठ केलंय. पलूसच्या ताई, गरोदर बायकांची यादी जूनमध्ये आमच्याकडंही होणार, माहेरच्या गावासकट.

काका, एक राहिलंच. सहावी पांढरी वाटी नाहीच आहे. त्या जागी चहाचा पांढरा कप चालेल का?

---

काळी_वाटी | २३ मे, सकाळी ७.१५

बाकीच्या वाट्यांत जेवढं पाणी मावतं तेवढंच, २०० मिली, मोजून त्या कपात घालायचं आणि तिथं खूण करायची, मग चालेल. दांडी असेल तर चांगलंच, सहावी कुठली ते ओळखू येईल. फक्त त्या कपात परत चहा पिऊ नका, आणि मामांना नवीन उदबत्तीचं घर आणून द्या.